निळ्या रेघेखालची नागली

दिवाळीचा फराळ अजून डब्यात होता तेव्हा सुहासने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, जेवणाच्या टेबलावर टॅब आडवा ठेवला आणि विचारलं, "जव्हार-मोखाडा. तीन दिवस. येतेस?"

टॅबवर डोंगराचा नकाशा होता आणि त्यावर एक निळी रेघ. ती रेघ बघून मी हो म्हटलं. मला रेघा आवडतात. लहानपणी एसटीत बसून रस्त्याचं वळण आधी ओळखायचा खेळ मी एकटीच खेळायचे. आम्ही नाशिकला राहतो. सुहासने वर्षभरापूर्वी एक जुनी फोर बाय फोर जीप घेतली. चालवतो तो आणि रस्ता बघते मी. इतक्या वर्षांच्या संसारात ज्यावरून आमचं भांडण होत नाही अशी ही एकच वाटणी.

हा लेख राग शांत झाल्यावर लिहायचा असं ठरवलं होतं. आता थंडीही सरली, राग काही सरला नाही. तेव्हा तसाच लिहिते. तुमच्यापैकी ज्यांना अशी सहल करायची आहे त्यांनी रागासकट वाचावा.

आधी टॅबबद्दल, कारण मागच्या लेखानंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं. डोंगरात मोबाइलपेक्षा टॅब बरा, हे माझं मत अजूनही आहे. पडदा मोठा असल्यामुळे उताराच्या रेषा नीट दिसतात, सारखं बोटांनी मोठं-लहान करत बसावं लागत नाही. पण सिमकार्ड बसणारा टॅब घ्या. नुसत्या वायफायवर चालणाऱ्या टॅबमध्ये बहुतेक वेळा जीपीएस नसतंच, आणि हे लोकांना घाट चढताना कळतं. नकाशे घरीच उतरवून ठेवा, मोखाड्याच्या पुढे रेंजचा भरवसा नाही. काचेला चिकटवायचा स्टँड घेऊ नका. आमचा तोरंगण घाटातल्या पहिल्याच मोठ्या खड्ड्यात सुटून माझ्या मांडीवर आला. दुपारच्या उन्हात पडदा काळा दिसतो आणि टॅब तापून बंदही पडतो, म्हणून मी मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्याला छज्जा केला होता. दिसायला भिकार, पण तीन दिवस टिकला.

नाशिकहून त्र्यंबक, तिथून घाट उतरून मोखाडा आणि पुढे जव्हार. न थांबता गेलात तर अडीच-तीन तास. आम्ही चार लावले, कारण दोन्ही बाजूंना खुरासणी, म्हणजे कारळा, फुलली होती आणि त्या पिवळ्या रंगापुढे गाडी हाकत राहणं मला जमलं नाही. भातं कापायला आली होती, काही खाचरांत कापून आडवी पसरलेली होती. रस्ता मधेमधे नवा, मधेमधे नुसता आठवणीपुरता. मोखाड्यात चहा आणि गरम भजी खाल्ली. पेट्रोल-डिझेल इथेच भरून घ्या.

जव्हारला बाजारपेठेजवळच्या साध्या लॉजवर उतरलो. खोल्या स्वच्छ, गरम पाणी सकाळीच, जेवण बाहेर. तिथे बाकीच्या तीन गाड्या आल्या. डोंगरात गाड्या फिरवणाऱ्यांचा हा एक ग्रुप. त्याचं नाव लिहीत नाही. त्यांचा म्होरक्या विराज, हे नावही मी बदललंय. ठाण्याचा, चाळिशीतला, हसतमुख माणूस. माझा स्टँड सुटलेला बघून त्याने स्वतःच्या गाडीतून पट्टी आणि स्क्रू काढले आणि अर्ध्या तासात टॅब डॅशबोर्डवर पक्का बसवून दिला. निळी रेघ त्याचीच. तो हे ट्रॅक स्वतः गाडी चालवून नोंदवतो, नेटवर टाकतो आणि लोक ते उतरवून घेतात. शिवाय हौशी लोकांना पैसे घेऊन फिरवतो. दुसऱ्या गाडीत दोन मित्र होते, तिसरीत एक जोडपं. चौथी आमची.

संध्याकाळी दाभोशाला धबधबा बघून आलो. पाणी ओसरायला लागलं होतं, तरी पुष्कळ होतं. खाली उतरणारी वाट ओली आहे, चप्पल घालून जाऊ नका. परतताना विराजने वॉकीटॉकी वाटले आणि सांगितलं, "उद्या खोडाळ्याच्या बाजूने वर माळावर जायचं. ट्रॅक सोडायचा नाही. मी पुढे, मेधा-सुहास सगळ्यात मागे. मेधाला नकाशा कळतो, मागून लक्ष ठेवेल."

मी सुखावले होते. खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोडाळ्यात वडापाव खाल्ला, पाण्याच्या बाटल्या घेतल्या आणि डांबरी रस्ता सोडला. पाड्याचं नाव लिहिणार नाही. लिहिलं की तुमच्यातलेच दोघे-चौघे तिथे जाणार, हे मला आता माहीत आहे.

पहिला तासभर सुंदर गेला. ओढा, सागाची झाडी, लाल मातीचा चढ. मी टॅबवर बघून सांगायचे, "पुढे डावीकडे खोल आहे, उजवी धर," आणि सुहास धरायचा. मग चढ संपता संपता गाड्या थांबल्या. रेघेवर तिथे एक लाल खूण होती, तिच्यावर बोट ठेवलं तर नुसतं "अडथळा" असं उमटलं. मला वाटलं, पडलेलं झाड असेल. उतरून पाहिलं तर काट्यांचं कुंपण. बोरी-बाभळीच्या फांद्या नीट एकात एक अडकवून दोन खडकांमधली जागा बंद केलेली. वाऱ्याने आलेले काटे नव्हते ते. कुणीतरी हात रक्ताळून रचले होते.

विराज आणि दुसऱ्या गाडीतला एक जण जाड हातमोजे घालून ते ओढून काढत होते. हातमोजे सोबत आणलेले होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"विराज, कुणीतरी मुद्दाम लावलंय हे," मी म्हटलं.

"गुरांसाठी लावतात गं. येताना परत लावू."

फांद्या बाजूला पडल्या. तीन गाड्या खडकांमधून वर गेल्या. त्यांच्या मागून आम्ही गेलो आणि समोर नागली होती.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगते, नागली म्हणजे नाचणी. उतारावरची पिकलेली नागली म्हणजे तांबूस-तपकिरी कणसं, बोटं मिटलेल्या मुठींसारखी, दाट. दाणा मोहरीएवढा. वरच्या कोपऱ्यात कापणी सुरू झालेली दिसत होती. आणि या सगळ्याच्या मधोमध तीन गाड्या चालल्या होत्या, एकामागे एक, अगदी शिस्तीत, ट्रॅक न सोडता. टॅबवर निळी रेघ सरळ पुढे जात होती. मागचं उपग्रहाचं चित्र उन्हाळ्यातलं होतं, त्यात इथे नुसती भुरकट मोकळी जमीन.

"थांब," मी ओरडले.

सुहासने ब्रेक मारला. पुढची दोन्ही चाकं शेतात गेलीच होती.

वॉकीटॉकी खरखरला. "चार नंबर, का थांबलात? येऊ द्या."

"विराज, शेत आहे हे. पीक उभं आहे."

"ट्रॅक आहे तो. मी मे महिन्यात नोंदवलाय, तेव्हा काहीच नव्हतं इथे. आधी ट्रॅक, मागाहून पीक. चाकोरीतून या, काही होत नाही."

आधी ट्रॅक, मागाहून पीक. हे वाक्य मी त्यानंतर इतक्या वेळा मनात घोळवलंय की झोपेतसुद्धा म्हणू शकेन.

मी उत्तर द्यायच्या आत वरून माणसं धावत आली. पाच-सहा बाया, हातात विळे, एक म्हातारे गृहस्थ आणि सगळ्यांच्या पुढे पंजाबी ड्रेसवर पुरुषी शर्ट चढवलेली एक तरुण बाई. तोवर तीन गाड्या शेत ओलांडून माळाच्या चढाला लागल्या होत्या. एकही थांबली नाही. ती बाई सुहासच्या खिडकीशी आली, हात आत घातला, इंजिन बंद केलं आणि चावी काढून घेतली.

"उतरा," ती म्हणाली.

आम्ही उतरलो.

तेवढ्यात डॅशबोर्डवरून विराजचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "चार नंबर, त्यांच्याशी वाद घालू नका. थोडा आरडाओरडा करतील, मग गप्प बसतील. दरवर्षीचं आहे. रिव्हर्स घ्या आणि जव्हारला जाऊन थांबा. ओव्हर."

एका बाईने विळा या हातातून त्या हातात घेतला. दरवर्षीचं आहे, म्हणे.

"ऐकलंत?" ती तरुण बाई म्हणाली. "मी मंगला. शाळेत शिक्षिका आहे, मोखाड्याच्या बाजूला. सुट्टीला घरी आले कापणीसाठी. हे बाबा, माझे सासरे. शेत यांचं. आता तुम्ही सांगा, तुम्ही कोण?"

मी नाव सांगितलं. नाशिक सांगितलं.

"रस्ता कुठे आहे इथे? दाखवा."

मी टॅब काढून तिच्यापुढे धरला. तिने रेघ पाहिली. मग बोटाने शेताच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत पडद्यावर खूण केली, इथून इथवर, आणि सासऱ्यांना त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं. म्हातारे टॅबकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाले, "आमी काटे टाकले ते दिसले नाय का तुमाला?"

"दिसले," मी म्हटलं.

"मग?"

मी टॅब खाली घेतला.

मंगलाने सांगितलं ते असं. गेल्या वर्षीही याच दिवसांत गाड्या आल्या होत्या. सासरे चाकोरीत आडवे उभे राहिले. तर पुढच्या गाडीने त्यांना वळसा घातला, शेतातूनच, आणि मागच्या सगळ्या तशाच गेल्या. एका चाकोरीच्या दोन झाल्या. जाताना त्या म्होरक्याने पाकीट काढलं, बाबांनी हात लावला नाही. त्यानंतर काट्यांचं कुंपण घातलं. उन्हाळ्यात ते मोडलेलं सापडलं, परत घातलं.

"नागली गाडीखाली गेली की दाणा गळतो," मंगला म्हणाली. "मातीतून मोहरी वेचून दाखवाल का? वर्षाची भाकरी आहे ही. विकायची नाही, खायची आहे."

मी खाली वाकून मोडलेली कणसं उचलायला लागले. ती चटकन म्हणाली, "राहू द्या मॅडम. तुमच्या हाताने अजून गळेल."

सुहास मला बाजूला घेऊन गेला. "माफी मागू आणि निघू. आपण थांबलो ना? विराजचं विराज बघेल."

"विराजचं विराज कसं बघेल? तो वर गेलाय."

"म्हणजे आपण त्याच्या वाट्याचं भोगायचं?"

"आपली चाकं कुणाच्या वाट्याची आहेत?" मी म्हटलं. आवाज वाढला होता. बाया आमच्याकडे बघत होत्या. सुहास सागाखाली जाऊन बसला आणि माझ्याकडे पाठ केली.

थोड्या वेळाने मंगला आली आणि चावी माझ्या हातात दिली. "घ्या. दांडगाई आम्हाला करायची नाही. मागे घ्या गाडी आणि जा."

मी चावी घेतली, टॅबकडे पाहिलं. विराजची रेघ माळावर एका टोकाशी जाऊन तिथेच संपत होती. गेले त्याच वाटेने परत.

"ते इथूनच खाली येणार," मी म्हटलं. "त्यांच्या नकाशात दुसरी वाट नाही."

"पलीकडून आहे एक. बैलगाडीची. ओढ्यात चिखल आहे, या गाड्या रुततील."

"मग इथूनच येणार. परत नागलीतून."

मंगलाला ते माझ्याआधी कळलेलं होतं. दुपारी परत आडवं उभं राहावं लागणार, ते कुणी राहायचं, बाबांनी की आपण, हाच हिशेब ती करत असणार. मी मागे वळून पाहिलं. आमची जीप दोन खडकांच्या बरोबर मध्ये उभी होती. कुंपण होतं तिथेच. शेजारून सायकलसुद्धा गेली नसती.

"आमची गाडी इथेच राहिली तर?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. विश्वास नव्हता त्या बघण्यात. "उद्या पोलीस घेऊन याल. आदिवासींनी गाडी अडवली म्हणून."

"मी अडवली म्हणून सांगेन."

"साहेबांना विचारलंत?"

साहेब सागाखालून उठले होते. सुहासने सगळं ऐकलं होतं. त्याने बांधाचे दोन मोठे दगड उचलून आणले आणि जीपच्या मागच्या चाकांना लावले. मग परत जाऊन बसला. लग्नानंतर मला हा माणूस आवडल्याचे जे मोजके प्रसंग आहेत त्यात हा धरते.

बायांनी कापणी पुन्हा सुरू केली. दुपारी मंगलाच्या सासूबाईंनी टोपलं उघडलं, आमच्या हातावर नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी ठेवली. "आई कुणालाही वाढते," मंगला म्हणाली. ते कौतुक नव्हतं. मी खाल्ली. भूकही लागली होती आणि लाजही वाटत होती, आणि दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे तुम्हाला सांगून ठेवते. चटणी तिखट, किंचित कडवट, फार चांगली. हॉटेलात मागाल तर मिळणार नाही.

उन्हं कलायला लागली तेव्हा गाड्यांचा आवाज आला. विराज पुढे होता. शेताच्या वरच्या कडेला येऊन थांबला. खाली त्याला आमची जीप दिसली असणार.

"चार नंबर, अजून इथेच? बंद पडली का गाडी?"

मी वॉकीटॉकी उचलला. "नाही."

"मग काढ बाजूला. आम्ही येतोय."

"काढणार नाही."

"काय?"

"काढणार नाही, विराज. शेतातून येऊ नकोस."

तो उतरला आणि तरातरा खाली आला, चाकोरीतूनच, मोडलेल्या नागलीवर पाय देत. मंगला त्याच्या वाटेत जाऊन उभी राहिली.

"बांधावरून या," ती म्हणाली.

तो थांबला. मग बांधावरून आला. चेहरा लाल झाला होता, पण तो माझ्याशीच बोलला, जणू ती तिथे नव्हतीच. "मेधा, तू काय करतेयस कळतंय का तुला? पाहुणे आहेत माझ्यासोबत. हा ट्रॅक किती जणांनी वापरलाय माहितीये?"

"तेच तर," मी म्हटलं. "किती जणांनी?"

"सातबारा बाबांच्या नावावर आहे," मंगला म्हणाली. "तो आहे का तुमच्या टॅबमध्ये?"

"हे बघा ताई, मी नुकसान भरून देतो." हात खिशाकडे गेला. पाकीट बाहेर आलं.

म्हाताऱ्यांनी तोंड फिरवलं आणि ते वरच्या कोपऱ्याकडे चालू लागले.

"गेल्या वर्षीही पाकीटच काढलं होतं तुम्ही," मंगला म्हणाली. "आणि या वर्षी परत आलात. पाकीट दाखवलं की दर वर्षी यायची परवानगी मिळते का?"

विराज वर गेला आणि गाडीत बसला. त्याने इंजिन सुरू केलं आणि गाडी शेताच्या कडेवर आणली. म्हातारे आधीच तिथे पोचले होते. ते उभे राहिले नाहीत या वेळी. चाकोरीत मांडी घालून बसले आणि विळ्याने बसल्या जागेवरून पुढची नागली कापू लागले. विराजने गाडीचा आवाज वाढवला, हॉर्न दिला. म्हाताऱ्यांचा हात थांबला नाही. मंगला धावत सुटली, मागून मी, मागून सुहास.

आम्ही पोचायच्या आत तिसऱ्या गाडीचं दार उघडलं. जोडप्यातली बाई उतरली, पुढे गेली आणि विराजच्या बॉनेटवर हाताचा तळवा आपटून ओरडली, "बंद कर! माणूस बसलाय समोर!" तिच्या मागे तिसऱ्या गाडीचं इंजिन बंद झालं. मग दुसऱ्या गाडीतला मित्र खिडकीतून म्हणाला, "मी नाही येणार पुढे, विराज," आणि त्याचंही बंद झालं. विराजची गाडी एकटीच गुरगुरत राहिली. मग तीही थांबली.

पुढे काय करायचं ते म्हाताऱ्यांनी ठरवलं. बसल्या जागेवरून म्हणाले, "नागली निघू द्या. मग न्या गाड्या."

"कधी निघेल?" विराजने विचारलं.

"दोन दिस लागतील."

"मला परवा ऑफिस आहे!"

"मलाही शाळा आहे," मंगला म्हणाली. "म्हणून तर लवकर कापतोय."

त्याने पोलिसांचं नाव काढलं. मंगला म्हणाली, चला, मीही येते मोखाड्याला, गेल्या वर्षीचंही सांगू एकदमच. तो विषय तिथेच संपला.

तीन गाड्या माळाच्या कडेला राहिल्या. माणसं पिशव्या घेऊन बांधाबांधाने खाली आली. आम्ही जीप मागे घेतली, कुंपणाच्या फांद्या ओढून जागेवर लावल्या. माझ्या तळव्यात दोन काटे मोडले. मी विराजला म्हटलं, बस, खोडाळ्यापर्यंत सोडते. तो बसला नाही. बाकीचे दाटीवाटीने बसले, तो चालत निघाला. तिसऱ्या गाडीतली बाई सबंध रस्ताभर खिडकीबाहेर बघत होती. उतरताना म्हणाली, "जाताना मीच मोठ्याने गाणी लावली होती." एवढंच.

निघताना मंगला जीपपाशी आली होती. मला वाटलं, आता काहीतरी बरं बोलेल. माणसाला हाव असते. ती म्हणाली, "थांबलात ते बरं केलंत. पण उपकार केलेत असं समजू नका. काटे उचलताना थांबला असतात तर बाबांना आज बसावं लागलं नसतं."

मी मान हलवली. तिने माझा नंबर मात्र घेतला. ट्रॅक काढून टाकायला लावा, म्हणाली.

तिसऱ्या दिवशी आम्ही जव्हार न बघताच परतलो. राजवाडा, सूर्यास्ताची जागा, सगळं राहिलं. त्याबद्दल माहिती हवी असेल तर दुसरीकडे वाचा. घाटात सुहास म्हणाला, "टॅब बंद कर, रस्ता पाठ आहे." मी केला.

घरी आल्यावर कळलं की ग्रुपमधून आम्हाला काढलंय. नागली निघाल्यावर गाड्या कापलेल्या शेतातून खाली आल्या आणि आठवड्याभरात विराजचा व्हिडिओ आला. त्यात स्थानिकांचा त्रास, दोन दिवस डोंगरात अडकलेले धाडसी प्रवासी, ड्रोनमधून दिसणारा माळ. नागली कुठेच नाही. खाली लोकांनी जे लिहिलंय ते मी इथे उतरवणार नाही. "या लोकांना रस्तेच नकोत" हे त्यातलं सगळ्यात सभ्य. मी खरं काय झालं ते लिहिलं, ते तासाभरात पुसलं गेलं. परत लिहिलं, परत पुसलं. ट्रॅक ज्या साइटवर आहे तिला मेल केले. उत्तर आलं की तुमच्या सूचनेबद्दल आभारी आहोत. ट्रॅक आजही आहे. त्याला लोकांनी चांदण्या दिल्यात.

तर, टॅब वापरा. मी अजूनही वापरते. पण रेघ उतरवून घेताना ती कुठल्या महिन्यात काढलीय ते बघा. उन्हाळ्यात आपल्याकडे सगळी शेतं मैदानासारखी दिसतात. रेघेवर कुंपण आलं तर ते कुणीतरी तुमच्यासाठीच घातलंय असं समजा, आणि वळा. वळायला जागा नसेल तर उलटे या. पाड्यात उतरून विचारलंत तर पाच मिनिटं जातात. तेवढीही नसतील तर घरी बसा.

गेल्या आठवड्यात मंगलाचा फोन आला. तिच्या शाळेची मधली सुट्टी झाली होती, मागे पोरांचा कल्ला ऐकू येत होता. मी आधीच सांगून टाकलं, ट्रॅक निघालेला नाही, मी प्रयत्न करतेय.

"माहितीये," ती म्हणाली. "रविवारी दोन गाड्या आल्या होत्या. नवेच लोक होते, टॅब लावलेले."

"मग?"

"परत गेले. आम्ही दगडी बांध घातलाय तिथे, छातीएवढा. पुढे चरही खणलाय."

मी हसले. खूप बरं वाटलं मला, पोटातून. "कुणी घातला?"

"कुणी म्हणजे? आम्हीच. अख्खा पौष गेला. बाबांचा खांदा धरलाय त्यात, हात वर होत नाही अजून." मग म्हणाली, "पीक निघालं की आमची बैलगाडी काटे काढून तिथूनच जायची, ती आता जात नाही. पलीकडच्या ओढ्यातून वळसा घालून आणावी लागते."

ती म्हणाली, घंटा झाली, ठेवते.